शाई भरायची भीती कशाला?

रमजान जवळ आला की प्रत्येक गावात एक काम निघते. सहेरी आणि इफ्तारच्या वेळांचा तक्ता तयार करायचे काम. मुंबईत छापलेला तक्ता पाचगणीत जसाच्या तसा चालत नाही. पाचगणी मुंबईच्या पूर्वेला जवळपास एक अंश रेखांशावर आहे आणि एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. केवळ रेखांशाचा हिशेब धरला तरी इथला सूर्य मुंबईच्या आधी उगवतो आणि आधी मावळतो. इफ्तार चार मिनिटे उशिरा झाली तर फार बिघडत नाही, पण सहेरी चार मिनिटे लांबली तर रोजा अडचणीत येतो. म्हणून लहान गावाला आपला तक्ता आपणच छापावा लागतो.

तक्ता हे फक्त एक उदाहरण झाले. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, रेशनकार्डाच्या प्रती, हे सगळे कागदच आहेत. तांबोळी, बागवान, अत्तार, मुलाणी, शिकलगार अशा ओबीसी यादीतल्या घरांना जातीचा दाखला आणि पुढे जातपडताळणी करायची असते तेव्हा आजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून सगळ्याच्या प्रती काढाव्या लागतात. ज्याच्या घरात कागद नाही त्याचे काम अडते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. पाचगणीत तर शाळाच शाळा. इंग्रजांच्या काळापासूनच्या निवासी शाळा आहेत, अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे, संजीवन आहे. शिक्षकांच्या घरी सरावाच्या प्रश्नपत्रिका छापल्या जातात, लॉजवाल्यांकडे पाहुण्यांची बिले. पावसाळ्यात संध्याकाळी धुके उतरले आणि झेरॉक्सचे दुकान बंद झाले की घरातला प्रिंटर हाच आधार असतो.

आणि नेमका त्याच वेळी तो सांगतो, शाई संपली.

प्रिंटरचा धंदा कसा चालतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि कमाई शाईवर करायची. दाढीच्या रेझरचा दांडा स्वस्त आणि पाती महाग, त्यातलाच हा प्रकार. घरगुती प्रिंटरच्या छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये चहाचा चमचा-दीड चमचा भरेल इतकीच शाई असते. काळे आणि रंगीत अशी दोन्ही कार्ट्रिज तीन-चार वेळा बदलली की त्या खर्चापुढे प्रिंटरची मूळ किंमत कधीच मागे पडते. उलट शंभर मिलिलिटरच्या शाईच्या बाटलीतून एका वेळी पाच मिलिलिटर घेतली तर वीस भरणे होतात.

हिशेब इतका सरळ असूनही लोक घरी शाई भरायला धजत नाहीत. कारण विचारले तर एकच उत्तर येते. गळते हो. हात काळे होतात, प्रिंटर खराब होतो, कागदावर डाग पडतात. या भीतीमुळे घरटी हजारो रुपये जातात. माझे म्हणणे असे आहे की शाई गळते त्यात नशिबाचा किंवा हाताच्या सफाईचा भाग थोडा आहे. गळतीला ठरावीक कारणे आहेत, ती समजली की गळती थांबवता येते. आणि जी गोष्ट समजून घेता येते तिला घाबरून पैसे मोजत राहणे हा शहाणपणा नाही.

आधी कार्ट्रिज म्हणजे काय ते पाहू. घरगुती प्रिंटरमधल्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये आत स्पंज असतो आणि खाली तांबूस पट्टीजवळ केसापेक्षा बारीक छिद्रांच्या रांगा असतात. या छिद्रांच्या मागे इवलेसे हीटर असतात. हीटर क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. जपानच्या कॅनन कंपनीतले संशोधक इचिरो एंडो यांना १९७७ मध्ये हे तत्त्व अचानक सापडले. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला सोल्डरिंगची तापलेली कांडी लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. गंमत पाहा, ज्या सिरिंजमुळे हे तंत्र सुचले तीच सिरिंज हातात घ्यायला आज आपण घाबरतो.

आता प्रश्न असा की खाली छिद्रे असताना शाई एरवी गळत का नाही? कारण स्पंज तिला ओढून धरतो. भिजवलेले फडके दोरीवर टाकले तर ते काही पाणी धरून ठेवते, त्याच्या पलीकडचे पाणी टपकते. स्पंजाचेही तसेच आहे. तो धरू शकेल तेवढीच शाई भरली तर थेंबही पडत नाही. जास्त भरली तर ती जाणार कुठे? पहिली गळती होते ती या हावेने. पैसे वाचवायला बसलेला माणूस एकाच वेळी जास्तीत जास्त भरून टाकावे म्हणतो आणि सगळे प्रिंटरच्या पोटात सांडते.

दुसरे कारण हवा. झाकणाच्या लेबलखाली एक बारीक नागमोडी खाच असते. शाई कमी होईल तशी त्या वाटेने हवा आत येते. आपण भरताना लेबल काढतो आणि नंतर सगळ्यावर चिकटपट्टी लावून टाकतो, किंवा त्या खाचेत शाई जाऊन ती बुजते. मग आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. बाहेरचा दाब कमी झाला किंवा कार्ट्रिज तापले की ती हवा फुगते आणि शाईला खालच्या छिद्रांतून ढकलते.

इथे पाचगणीची गोष्ट येते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे आणि पसरणीचा घाट चढून आपण पाचगणीला पोचतो तेव्हा सुमारे तेराशे मीटरवर असतो. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो. वाईत बंद झालेली हवा पाचगणीत सात-आठ टक्क्यांनी फुगते. मुंबईत भरून आणलेल्या कार्ट्रिजमधली हवा तर सतरा टक्क्यांच्या आसपास. घाट चढताना कान बंद होतात आणि वेफर्सचे पुडे टम्म फुगतात, ते याच कारणाने. पुडा फुगलेला सगळ्यांना दिसतो, कार्ट्रिजमधली हवा फुगलेली दिसत नाही. दिसतो तो फक्त पिशवीत पडलेला शाईचा डाग. मग माणूस म्हणतो, दुकानदाराने नीट भरले नाही. बिचाऱ्या दुकानदाराने कदाचित नीटच भरलेले असते, पण ते त्याच्या गावच्या हवेत.

म्हणून डोंगरावर राहणाऱ्यांसाठी पहिला नियम सोपा आहे. भरलेले कार्ट्रिज घाटातून वर आणू नका, शाईची बाटली आणा आणि घरी भरा. बाटलीसुद्धा उभी ठेवून, तोंडाशी फडके धरून हळू उघडा, कारण तिच्यातही खालची हवा आहे.

बाकीची रीत अशी. टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरा. हातात मोजे घाला, औषधाच्या दुकानात ते आणि पाच मिलिलिटरची सिरिंज दोन्ही मिळते. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज ठेवा. कार्ट्रिजवरचे लेबल हलकेच सोला, खाली भरायची छिद्रे दिसतील. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन छिद्रे असतात आणि कोणता रंग कुठे हे प्रत्येक मॉडेलमध्ये सारखे नसते. अंदाज करू नका. प्रत्येक छिद्रात वेगळी टूथपिक घालून काढा, टोकाला लागेल तो रंग.

सुई स्पंजात अर्ध्याच्या थोडी खाली जाईल इतकी घाला, तळाशी टोचू नका. मग दट्ट्या अगदी सावकाश दाबा. काळ्यात चार-पाच मिलिलिटर, रंगीतच्या प्रत्येक कप्प्यात दोनच्या आसपास, लहान मॉडेल असेल तर त्याहूनही कमी. घाईने दाबले की स्पंजात हवेचे बुडबुडे अडकतात आणि आपण आत्ता पाहिले की गळतीचे मूळ त्या हवेतच आहे. छिद्राशी शाई वर आलेली दिसली की थांबा आणि थोडी परत ओढून घ्या. हे परत ओढणे फार महत्त्वाचे. बहुतेक लोक तेवढेच करत नाहीत.

नंतर छिद्राच्या आजूबाजूला पुसून लेबल पुन्हा बसवा. चिकटपट्टी लावलीच तर फक्त भरायच्या छिद्रांवर लावा, हवेची खाच मोकळी राहिली पाहिजे. आता टिश्यूची चार पदरी घडी करून कार्ट्रिजची खालची बाजू तिच्यावर टेकवा. घासू नका, नुसती टेकवून ठेवा. जादा शाई कागद ओढून घेतो. डाग पसरायचा थांबला, कागदावर रंगांचे स्वच्छ ठसे उमटू लागले की समजा स्पंज आपल्या मर्यादेत आला. मग कार्ट्रिज तसेच, छिद्रे खाली ठेवून, तासभर राहू द्या. या तासात एक थेंबही पडला नाही तरच ते प्रिंटरमध्ये बसवा. एवढा एक तास ज्याला धीर नाही त्याने शाई भरण्याच्या भानगडीत पडू नये.

आणखी दोन गोष्टी. कार्ट्रिज पूर्ण कोरडे पडेपर्यंत वाट पाहू नका. शाई नसताना हीटर तापत राहिला तर तो जळतो आणि मग कितीही शाई भरा, अक्षर तुटकच येते. छपाई फिकट दिसू लागली की भरा. दुसरी गोष्ट, भरल्यावरही संगणक म्हणेल शाई संपली. अशा बऱ्याच यंत्रांत शाई प्रत्यक्ष मोजली जात नाही, किती थेंब मारले याचा हिशेब ठेवलेला असतो. आपण भरलेली शाई त्याच्या वहीत नोंदलेली नसते. तो इशारा बाजूला सारून पुढे जाता येते.

पाचगणीच्या पावसाळ्यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा म्हणजे कार्ट्रिज कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन बसते. छपाई चालू असताना लाईट गेली तर ते मध्येच उघडे राहते. मग छिद्रे सुकतात किंवा आत शाई टपकते. लाईट आली की प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, दमट कागदावर शाई फुटते आणि आपल्याला वाटते कार्ट्रिजच गळते आहे.

शाई कोणती घ्यावी यावरही बोलले पाहिजे. दोन जाती आहेत. एकीत रंग पाण्यात विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पहिली पाण्याचा थेंब पडला की पसरते, दुसरी बऱ्यापैकी टिकते. कणांची काळी शाई म्हणजे मुळात कार्बन. जुन्या पोथ्या आणि दफ्तरे दिव्याच्या काजळीत डिंक मिसळून केलेल्या शाईने लिहिली आणि ती आजही वाचता येतात, कारण काजळी म्हणजेही कार्बनच. तेव्हा दाखले आणि करारनामे यांच्यासाठी कणांची काळी शाई बरी. पण कंपनीने ज्या कार्ट्रिजमध्ये जी जात वापरली तीच भरा. दोन्ही एकत्र झाल्या तर गुठळी होऊन छिद्रे बंद होऊ शकतात.

आता दुसरी बाजू. कंपन्या म्हणतात की आम्ही संशोधनावर खर्च केला आहे, तो शाईतूनच भरून निघतो. हे खोटे नाही. शाई घरी भरलेल्या कार्ट्रिजची छपाई पाच-सात वेळांनंतर उतरू लागते, हेही खरे. छापायचे डोके कायम टिकण्यासाठी बनवलेलेच नसते. लग्नाचे फोटो छापायचे असतील तर मीसुद्धा कंपनीची शाई घ्या म्हणेन. ज्यांची छपाई रोजची आणि भरपूर आहे, त्यांनी सरळ शाईच्या टाक्यांचा प्रिंटर घ्यावा. पण हे टाकीवाले प्रिंटर आले कसे? इंडोनेशियासारख्या देशांत लोक आपल्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडू लागले होते. एप्सनने २०१० मध्ये तिथेच पहिला टाकीवाला प्रिंटर आणला. म्हणजे लोकांनी स्वतः शाई भरायला सुरुवात केली म्हणून बाजार बदलला. लोक घाबरून बसले असते तर आजही आपण चमचाभर शाईच विकत घेत असतो.

कंपन्यांनी सगळे काही शांतपणे सोसले असेही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज अचानक नाकारली. प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तरतूद आधीच करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीला माघारीचा पर्याय द्यावा लागला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये याच प्रकारच्या वागण्यासाठी कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी लेझर प्रिंटरची टोनर कार्ट्रिज 'एकदाच वापरा आणि परत करा' या अटीवर स्वस्तात विकत असे. ती पुन्हा भरून विकणाऱ्या एका छोट्या कंपनीवर तिने खटला भरला. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. विकत घेणाऱ्याने ती पुन्हा भरली म्हणून पेटंटच्या नावाखाली त्याला अडवता येत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केले. ई-कचऱ्याच्या नियमांतही प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचा उल्लेख आहे, म्हणजे रिकामे कार्ट्रिज घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नसते. कायद्याची दिशा बरोबर आहे. पण पाचगणीसारख्या गावात ते रिकामे कार्ट्रिज गोळा करायला कोण येते? ते शेवटी ओढ्यात नाहीतर डोंगरउतारावर जाते. एक कार्ट्रिज पाच वेळा भरले तर निदान चार कार्ट्रिज दरीत पडायची थांबतात.

आपण मुसलमान इस्राफ हा शब्द फार वापरतो. लग्नातल्या जेवणावळीवर, वाया गेलेल्या बिर्याणीवर जुम्म्याच्या बयानात बोलले जाते आणि ते योग्यच आहे. वजू करताना नळ वाहता ठेवू नये हेही लहानपणापासून शिकवले जाते. पण चमचाभर शाईसाठी धड चालणारी वस्तू फेकून नवी आणणे हाही इस्राफच आहे, असे मी अजून कुठल्या बयानात ऐकलेले नाही. उधळपट्टी फक्त ताटातच होते असे नाही. समजून घेण्याचा आळस केला तर ती टेबलावरही होते.

म्हणून एक सूचना. ज्या मोहल्ल्यात, शाळेत किंवा वाचनालयात पाच-सहा प्रिंटर आहेत तिथे एकेकट्याने झगडण्यापेक्षा शाईच्या बाटल्या मिळून आणाव्यात. ज्याचा हात स्थिर आहे त्याने दोघा-चौघांना शिकवावे. त्यात आठवी-नववीतल्या मुली आणि मुले जरूर असावीत. हवेचा दाब आणि केशाकर्षण हे धडे पुस्तकात वाचून ती कंटाळतात, इथे ते धडे हाताला रंग लावून समजतात. एका रविवारच्या दुपारचे काम आहे. त्या दुपारी दोन कार्ट्रिज बिघडली तरी चालतील, नवे घेतले तर एरवी ती फेकायचीच होती.

आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रात शाई भरता येणे ही फार मोठी क्रांती नाही. पण ज्या समाजाला आपले अस्तित्वसुद्धा कागदावर सिद्ध करावे लागते, त्याच्या घरातला प्रिंटर चमचाभर शाईसाठी बंद पडून राहू नये. सुई सावकाश दाबा, थोडी शाई परत ओढून घ्या, हवेची वाट मोकळी ठेवा आणि एक तास थांबा.